दत्त म्हणजे दिलेला: सारंगखेड्याच्या पौर्णिमेचा अर्थ

गेल्या दत्तजयंतीला गावच्या मंदिरात पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. बायका पाळणा म्हणत होत्या, पुजारीबाबा फुलं वाटत होते, आणि माझा सात वर्षांचा भाचा माझा सदरा ओढून विचारत होता, "मामा, हा मागच्या वर्षी जन्मला होता ना? मग आता परत कसा काय?" मी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. नंतर माझं मलाच वाईट वाटलं. त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि पन्नाशीला आलो तरी तो मला कधी पडला नव्हता. देव कायमच असेल तर त्याचा जन्मदिवस कसला? आणि एकदा जन्मला असेल तर दरवर्षी पाळणा कशाला हलवायचा? तेव्हा त्याला जे सांगायचं राहून गेलं, ते इथे सवडीनं लिहितो.

आमच्या खान्देशात दत्तजयंती म्हटली की डोळ्यांपुढे सारंगखेडा येतं. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापीचा काठ. मार्गशीर्ष पौर्णिमेला इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या जोडीला घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठियावाडी घोडे राजस्थानातून, गुजरातेतून, पंजाबातून येतात. थंडी चांगली पडलेली असते, कापसाची वेचणी चालू असते, भरताच्या वांग्यांचा हंगाम असतो. लहानपणी आमच्यासाठी दत्तजयंती म्हणजे घोडे, आकाशपाळणा आणि येताना कागदात बांधून आणलेली गरम जिलबी. दर्शन व्हायचं ते आजीनं मानगूट धरून रांगेत उभं केलं म्हणून. त्या रांगेच्या शेवटी जो उभा आहे तो कोण आणि त्याचा जन्म म्हणजे काय, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आधी भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे विहीर खोदताना काय होतं ते पाहा. वरची काळी माती जाते, मग मुरूम लागतो, मग काळा पाषाण. सुरुंग लावावे लागतात, यारीनं दगड वर ओढावे लागतात, घरातली पोत विकावी लागते. आणि मग एक दिवस खालून कुणीतरी ओरडतो, "पाणी लागलं!" नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आपण काय म्हणतो ते नीट ऐका. पाणी 'झालं' असं कुणी म्हणत नाही, 'लागलं' म्हणतात. ते तिथे होतंच. आपल्या आणि त्याच्या मधला पाषाण त्या दिवशी फुटला. घरातली म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं तो दिवस लक्षात ठेवतात: अमुक साली, अमुक महिन्यात आपल्या विहिरीला पाणी लागलं.

देवाची जयंती ही अशी पाणी लागल्याची तिथी आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण स्वतःला 'अज' म्हणवतो. अज म्हणजे न जन्मलेला. आणि त्याच दमात सांगतो की मी अज असूनही माझ्या मायेनं प्रकट होतो. दोन्ही गोष्टी एकाच श्लोकात आहेत, म्हणून आपल्यालाही त्या एकत्र धरायला हरकत नाही. आणि विहिरीला एकदा पाणी लागलं म्हणून काम संपत नाही. गाळ साचतो, झरे बुजतात, दोन-चार उन्हाळ्यांनी गाळ काढावा लागतो. पाळणा दरवर्षी हलवायचा तो त्यासाठी. गाळ आपल्याकडे साचतो, देवाकडे नाही.

अलीकडे मोबाइलवर दरवर्षी एक निरोप फिरतो की 'जयंती' हा शब्द मेलेल्या माणसांसाठी आहे, देवासाठी 'जन्मोत्सव' म्हणा. जन्मोत्सव हा चांगला शब्द आहे, खुशाल वापरावा. पण जयंतीला अशुभ ठरवण्याचं कारण नाही. रोहिणी नक्षत्रावर येणाऱ्या कृष्णाष्टमीला आपल्या जुन्या धर्मग्रंथांत 'जयंती' असंच नाव आहे. म्हणजे हा शब्द देवाच्याच जन्मतिथीचा. माणसांच्या जयंत्या नंतर आल्या.

आता नाव. दत्त म्हणजे दिलेला. दान या शब्दाच्या कुळातलाच हा शब्द. दत्तक घेतलेल्या मुलाच्या नावात आहे तोच. आत्रेय म्हणजे अत्रीचा मुलगा. दोन्ही मिळून दत्तात्रेय. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात या नावाचा उलगडा अर्ध्या ओळीत आहे. अत्री ऋषींना मूल हवं होतं. प्रसन्न झालेला भगवंत त्यांना म्हणाला, मी मलाच तुला दिलं. म्हणून तो दत्त.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आपण देवाकडे जातो ते काहीतरी मागायला. सारंगखेड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा. एकाला मुलगा हवा, एकीला मुलाची नोकरी, एकाला कोर्टातला निकाल, एकाला कापसाला भाव. यात वावगं काही नाही. अत्रीनंही मागितलंच होतं. फरक मिळालेल्या वस्तूत आहे. मागणाऱ्याला वस्तू मिळाली नाही, देणाराच मिळाला. राम या नावात आनंद आहे, कृष्ण या नावात सावळा रंग आहे, ओढून घेणं आहे. पण जन्माची रीतच नाव होऊन बसलेला देव मला तरी दत्तच दिसतो. तो 'झाला' नाही, तो 'दिला गेला'. म्हणून या पौर्णिमेला कोण जन्मलं याच्याइतकाच दुसरा प्रश्न मोठा आहे: दिला कुणाला?

तर अत्रीला आणि अनसूयेला. पुराणांत या जन्माच्या दोन कथा आहेत आणि त्यांची आपल्याकडे अनेकदा सरमिसळ होते.

पहिली भागवताच्या चौथ्या स्कंधातली. अत्री ऋक्ष पर्वतावर, निर्विंध्या नदीच्या काठी तप करतात. एका पायावर उभे, शंभर वर्षं, नुसत्या वाऱ्यावर. त्यांच्या मनात एकच संकल्प: जो या जगाचा ईश्वर आहे त्यानं मला आपल्यासारखं मूल द्यावं. आणि समोर येऊन उभे राहतात तिघे, ब्रह्मा, विष्णू, शिव. अत्री भांबावतात. मी तर एकालाच बोलावलं होतं, तुम्ही तिघे कसे? तिघे हसून म्हणतात, तू ज्या एकाचं ध्यान केलंस तेच आम्ही. पुढे ब्रह्म्याच्या अंशानं सोम म्हणजे चंद्र, विष्णूच्या अंशानं दत्त आणि शंकराच्या अंशानं दुर्वास, अशी तीन मुलं होतात.

या कथेतला पर्वत आपल्याला परका नाही. विष्णुपुराणात भारतवर्षातल्या नद्यांची यादी आहे. तिथे तापी, पयोष्णी, निर्विंध्या या नद्या ऋक्ष पर्वतातून निघतात असं सांगितलं आहे. म्हणजे पुराणकारांच्या नकाशात अत्रींनी ज्या डोंगरावर तप केलं, त्याच डोंगरातून आपली तापी निघाली. आज आपण तिचा उगम बैतूल जिल्ह्यात मुलताईला दाखवतो. सारंगखेड्याच्या घाटावर ओंजळीत घेतलेलं पाणी त्या डोंगराकडून आलेलं आहे, हे कळल्यापासून मला त्या ओंजळीचं फार वाटतं.

दुसरी कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात ती आहे. अनसूयेची कीर्ती तिन्ही लोकांत पसरली, इंद्रासारख्यांच्या पोटात भीती शिरली. कीर्तनात ही कथा रंगते तेव्हा लक्ष्मी, पार्वती, सावित्री यांना मत्सर वाटतो आणि त्या नवऱ्यांना तिची परीक्षा घ्यायला धाडतात. तिघे भिक्षेकरी होऊन आश्रमात येतात आणि अट घालतात: विवस्त्र होऊन वाढशील तरच जेवू. अतिथी विन्मुख गेला तर धर्म बुडतो, अट पाळली तर पातिव्रत्य जातं. अनसूया पतीचं स्मरण करते, तीर्थ शिंपडते, तिघे पाळण्यातली बाळं होतात. तिला पान्हा फुटतो.

ही कथा आपल्याकडे पातिव्रत्याच्या सामर्थ्याची म्हणून सांगतात. तसं सांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण तेवढ्यावर ती संपवली तर तिचा गाभा हातून निसटतो. अनसूयेनं शाप दिला नाही, दार लावलं नाही, आरडाओरडा केला नाही. समोरच्यांचा हेतू वाईट होता आणि तिला तो कळला होता. तरी तिनं त्यांच्याकडे आईच्या नजरेनं पाहिलं, आणि त्या नजरेपुढे ते बाळ होऊन गेले. बाळापुढे आईला कसली लाज? अट पाळली गेली आणि अटीतलं विषही उतरलं. कथेची सुरुवात असूयेनं होते, शेवट अनसूयेनं होतो. नावातच सगळं सांगून ठेवलं आहे.

असूया म्हणजे काय, हे मात्र नेमकं कळायला हवं. मत्सर आणि असूया यांत बारीक फरक आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटात दुखणं हा मत्सर. असूया त्याच्या पुढची पायरी. अमरकोशात तिची व्याख्या आहे: गुण असतानाही त्यावर दोष चढवणं. शेजाऱ्याची कपाशी छातीला लागली की "तेनं काय, बापनी कमाई शे" असं आपण पारावर म्हणतो ना, ती असूया. कुणाच्या मुलीला मेरिटवर मेडिकलला जागा मिळाली की "वशिला असेल", कुणी गावाला पाणपोई घातली की "निवडणूक जवळ आली". गुण डोळ्यांना दिसलेला असतो. तो तसाच्या तसा आत घ्यायला मन तयार नसतं, म्हणून त्याला आधी डाग लावायचा.

सारंगखेड्याच्या बाजारात ही असूया मला एकदा अगदी जवळून पाहायला मिळाली. एक पांढऱ्या पायांची अबलख घोडी होती. कान असे की टोकं एकमेकांना चिकटावीत. मारवाडी घोड्याची हीच ओळख. गिऱ्हाइकानं तिचे ओठ वर करून दात पाहिले, चारी खूर उचलून पाहिले, मानेवरचा, छातीवरचा भोवरा बोटानं चाचपला, मालकाला दोन वेळा पळवून दाखवायला लावलं. घोडी त्याला पसंत पडली होती. ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि तोंडानं तो सांगत होता, मागचा डावा जरा ओढते, भोवरा बरोबर नाही, वय लपवलंय. मालकही वाईट वाटून घेत नव्हता. बाजारात हे चालायचंच. गुण कबूल केला तर किंमत मोजावी लागते, म्हणून दोष लावायचा.

तिथून दोनशे-चारशे पावलांवर मंदिर. अनसूयेच्या मुलाचं. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आयुष्यभर मी माणसांशी असा घोडेबाजार करत आलो. समोरच्याचा मोठेपणा मान्य केला तर आपल्याला वाकावं लागेल, बदलावं लागेल, काहीतरी सोडावं लागेल. ती किंमत मोजायची नाही म्हणून खोड काढायची. घोड्याच्या बाबतीत यानं दोन-पाच हजार वाचतात. माणसाच्या बाबतीत त्याच्याकडून जे मिळणार होतं तेच जातं.

गीतेत याला आधार आहे. नवव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, हे सगळ्यांत गुह्य ज्ञान तुला सांगतो, कारण तू 'अनसूयु' आहेस. तू शूर आहेस म्हणून सांगतो असं नाही, बुद्धिमान आहेस, माझा सोयरा आहेस असंही नाही. तू गुणाला दोष लावत नाहीस, म्हणून. ज्ञान देणारा तयार असतो, पण घेणाऱ्याचं भांडं उपडं असेल तर देऊन उपयोग नाही. आता 'दत्त' हा शब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहा. दिला गेलेला देव अनसूयेच्याच पोटी यावा लागतो. दुसरीकडे तो दिला तरी पोचणार नाही.

वडिलांचं नावही बोलतं. 'अ-त्रि', तिन्हींच्या पलीकडचा, असा अर्थ कीर्तनकार सांगतात. सत्त्व, रज, तम हे तीन गुण. म्हणजे सोप्या भाषेत शांतपणा, धावपळ आणि आळस. या तिन्हींच्या ओढाताणीत जो अडकला नाही तो अत्री. हा अर्थ व्याकरणात कितपत बसतो यावर पंडितांनी बोलावं. कीर्तनापुरता तो मला पटतो, कारण मुलगा त्रिमूर्ती आणि बाप त्रिगुणांपलीकडचा ही जोडी मनात ठसते.

आता जन्माची वेळ. रामाचा जन्म भर दुपारी बाराला, कृष्णाचा मध्यरात्री, हनुमंताचा सूर्योदयाला. दत्ताचा तिन्हीसांजेला. दिवस सरलेला नाही, रात्र लागलेली नाही. घरात देवापुढे दिवा लागतो, गुरं गोठ्यात परततात, बाहेर खेळणाऱ्या पोरांना आया हाका मारतात. ज्या वेळी आई मुलाला जवळ घेते, त्याच वेळी हा देव आईच्या कुशीत आला.

त्यात ही पौर्णिमा. पौर्णिमेला सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला एकच गाठ पडते. हे पाहायला सारंगखेड्याच्या पुलासारखी जागा नाही. देशातल्या मोठ्या नद्या बहुतेक पूर्वेला धावतात. आपली तापी पश्चिमेला. त्यामुळे पुलावर उभं राहिलं की वाहत्या पाण्याच्या दिशेला सूर्य बुडताना दिसतो आणि मान वळवली की ज्या दिशेनं पाणी येतं तिकडून, झाडांच्या वरून, चंद्र तांबूस होऊन वर येतो. थोडा वेळ दोघेही आभाळात. आणि चंद्र कोण? अत्रीचाच मुलगा, सोम. म्हणजे धाकट्याच्या बारशाला भाऊ येऊन उभा आहे.

तो चंद्र त्या रात्री मृग नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून तर महिन्याचं नाव मार्गशीर्ष. शेतकऱ्याला मृग वेगळ्याच कारणानं माहीत आहे. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृगात जातो आणि आपण आभाळाकडे डोळे लावतो. सहा महिन्यांनी त्याच मृगात पूर्ण चंद्र येतो, तेव्हा शेतात कापूस फुटलेला असतो. पेरणीचा मृग सूर्याचा, वेचणीचा मृग चंद्राचा. दत्तजयंती वेचणीच्या बाजूला पडते, हे मला आमच्या मातीसाठी फार योग्य वाटतं. दिलेलं घरी आणायचे ते दिवस.

तिसरा भाऊ दुर्वास. कोपिष्ट, शाप देणारा. एका आईची तीन मुलं: कले-कलेनं वाढणारा-घटणारा चंद्र, भडकून उठणारा दुर्वास आणि शांत दत्त. मी याकडे असं पाहतो की आपल्या प्रत्येकाच्या घरात, म्हणजे आपल्या आत, हे तिघे भाऊ आहेत. मन आहे, ते लहान-मोठं होतं. राग आहे. आणि या दोघांना पाहणारा कुणीतरी शांत आहे. अनसूयेनं तिघांनाही दूध पाजलं. रागीट म्हणून एकाला टाकलं नाही.

मूर्तीबद्दल लोक नेहमी विचारतात. कॅलेंडरवरच्या दत्ताला तीन तोंडं, सहा हात. दोन हातांत जपमाळ आणि कमंडलू, ते ब्रह्म्याचे. दोन हातांत शंख-चक्र, ते विष्णूचे. दोन हातांत त्रिशूळ-डमरू, ते शंकराचे. मागे गाय, ती पृथ्वी. पायाशी चार कुत्रे, ते चार वेद. वर औदुंबर. निर्माण करणारा, सांभाळणारा आणि मोडणारा हे तीन वेगळे मालक नाहीत, एकाच कामाच्या तीन बाजू आहेत, हे ही मूर्ती दाखवते. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पेरतो, राखतो आणि कापतोही तोच.

पण सारंगखेड्याचा दत्त एकमुखी. मग खरा कोणता? खान्देशात महानुभाव पंथाची मंडळी पुष्कळ. 'दंडवत' म्हणून भेटणारी माणसं आमच्या प्रत्येक गावात आहेत. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या या मार्गात दत्तात्रेयप्रभू हे पंचकृष्णांपैकी, म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांपैकी, एक आणि मार्गाचे आदिकारण. त्यांच्या दृष्टीनं दत्त ही तीन देवांची बेरीज नाही, तो एकाच परमेश्वराचा अवतार, म्हणून मुख एकच. तिमुखी मूर्ती तिघांतला एक दाखवते, एकमुखी मूर्ती थेट एकापासून सुरू होते. अत्रींनी तिघांना विचारलेला प्रश्न आठवा: मी एकालाच बोलावलं होतं. सारंगखेड्याला जाणाऱ्या गर्दीत दोन्ही घरचे लोक असतात, एकाच रांगेत उभे राहतात, आणि आजवर कुणी दुसऱ्याला विचारलेलं मी ऐकलं नाही की तुझ्या दत्ताला तोंडं किती.

आता या मुलानं मोठं होऊन काय केलं? भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. तरुण, निर्भय, अंगावर काही नाही, जवळ काही नाही, आणि तरी आनंदात. राजा विचारतो, हे तुला कुणी शिकवलं? तो २४ गुरूंची नावं सांगतो. परंपरा या अवधूताला दत्तच मानते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत विस्तारानं टीका लिहिली. ते स्वतः दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य. २४ गुरूंची यादी कुठेही मिळेल, पण त्यात कोण कोण आहे ते बघण्यासारखं आहे. पृथ्वी, पाणी, सूर्य ठीक. पण अजगर? कबुतर? पतंग? कोळी? पिंगला नावाची वेश्या? पोळ्यातला मध लुटून नेणारा माणूस?

इथे आईचं नाव पुन्हा कामाला येतं. असूया असलेलं मन अजगराला आळशी म्हणेल आणि पुढे जाईल. पिंगलेकडे मान वर करून पाहणारही नाही. अनसूयेचा मुलगा मात्र अजगरात दैवानं येईल त्यावर समाधान मानणं पाहतो. पिंगला मध्यरात्रीपर्यंत दारात गिऱ्हाइकाची वाट पाहते, मग ती आशाच सोडून देते आणि शांत झोपते. त्यात तो मुक्ती पाहतो. त्या एका नजरेमुळे त्याला सगळं जग शाळा झालं. अनसूयेच्या पोटी आला नसता तर त्याला एकही गुरू मिळाला नसता.

मला या गुरूंत सर्वांत जवळची वाटते ती कुमारी. तिला मागणी घालायला पाहुणे आले, घरात मोठं कुणी नाही, तांदूळही कांडलेले नाहीत. ती आत जाऊन उखळात भात कांडू लागली. हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. पाहुण्यांना कळेल की या घरात कांडलेला तांदूळसुद्धा शिल्लक नसतो. तिला लाज वाटली. तिनं एकेक बांगडी काढली. दोन-दोन राहिल्या, तरी वाजत होत्या. शेवटी हातात एकेकच ठेवली आणि कांडण चालू राहिलं, आवाज न करता. अवधूत म्हणतो, जिथे पुष्कळ आहेत तिथे कलह, जिथे दोन तिथे गोष्टी. मला मात्र याहून तिचं काम करत राहणं मोठं वाटतं. ती लाजून बसली नाही, रडली नाही. आवाज तेवढा कमी केला.

बाण करणारा कारागीर हा आणखी एक गुरू. त्याच्या समोरून राजाची मिरवणूक वाजत-गाजत गेली, त्याला पत्ताच नाही, कारण नजर बाणाच्या टोकावर होती. हा गुरू मला सारंगखेड्याला दर वर्षी भेटतो. बाजारात एका कडेला नालबंद बसलेला असतो. घोड्याचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरलेला, तोंडात तीन-चार खिळे. आजूबाजूला लाउडस्पीकर, ढोल, पाळण्यांचा आरडाओरडा, उधळलेल्या घोड्यामागे धावणारी पोरं. तो खुराची कडा तासतो, नाल लावून पाहतो, पुन्हा काढतो, पुन्हा तासतो. खिळा थोडा आत गेला तर घोडा लंगडा होईल, बाहेर राहिला तर नाल पडेल. मी एकदा पंधरा-वीस मिनिटं उभा राहिलो. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

या घोड्यांना उपनिषदातही जागा आहे. कठोपनिषद म्हणतं, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. घोडे मुळातच वाईट असं तिथे म्हटलेलं नाही, मन आवरलेलं नसेल तर इंद्रियं दुष्ट घोड्यांसारखी होतात, एवढंच म्हटलं आहे. घोडे नसतील तर रथ जागेवरच राहील. लगाम कुणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न. म्हणून, ज्याच्या जवळ लंगोटीशिवाय काही नाही अशा अवधूताच्या दारात लाखांच्या घोड्यांचा बाजार का भरतो, याचं मला आता नवल वाटत नाही.

पौर्णिमेच्या आधी सात दिवस गावोगाव गुरुचरित्राचं पारायण बसतं. ज्यांना जमतं त्यांनी ते जरूर करावं. नेम कडक असतात. ज्यांना जमत नाही त्यांनी माझ्या आजीनं केलं ते करून पाहावं. सप्ताहाच्या सात दिवसांत ती कुणाबद्दलही वाकडं बोलायची नाही. कुणी तिच्यासमोर बोलायला लागलं तर उठून गोठ्यात जायची. तिला वाचता येत नव्हतं. आम्हाला वाटायचं, म्हातारीला पोथी येत नाही म्हणून तिनं ही सोय काढली. आज मला वाटतं, त्या सात दिवसांत तिचं पारायण सगळ्यांत आधी पूर्ण व्हायचं.

पाळणा झाल्यावर सुंठवडा वाटतात. सुंठ, सुकं खोबरं, खारीक, खसखस, साखर. ही पुडी ज्या आजी करायच्या त्यांना विचारलं तर त्या सांगतील की हा बाळंतिणीचा खाऊ. घरात मूल झालं की आईला सुंठ देतात, अंगात ऊब यावी, दूध यावं म्हणून. देवाच्या जन्माला आपण हा प्रसाद म्हणून खातो. म्हणजे त्या संध्याकाळी देवळात आलेल्या प्रत्येकाला, बाया-बापड्यांना, म्हाताऱ्यांना, घोड्याच्या व्यापाऱ्याला, बाळंतिणीचा मान मिळतो. मूल तुमच्याकडे दिलेलं आहे, आता तुम्ही सुंठ खा.

या वर्षी भाचा आठ वर्षांचा असेल. यंदा दोरी त्याच्या हातात द्यायची, असं मी पुजारीबाबांना आताच सांगून ठेवलं आहे. उंची कमी पडेल, पाट ठेवू. सुंठवडा मात्र त्याला आवडत नाही, तिखट लागतो. त्याची पुडी तो मागच्या खेपेसारखी हळूच माझ्या हातात देईल.